‘अन’वाल्या शब्दांचा डबा, महिना चौथा: एकाचे तीन डबे झाले

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की ‘अन’ लागलेले इंग्रजी शब्द गोळा करायचं काम उरकलंच समजा, चारशेच्या वर कार्डं झालीत, आता फक्त लावून ठेवायची. तर नाही उरकलं. सगळी कार्डं परत पलंगावर पसरलीत आणि मी मध्ये मांडी घालून बसलेय.

आधी माझी चूक सांगून टाकते. शब्द जमवताना आळस केला, कॉम्प्युटरवर शब्दांची यादी उघडली आणि यू-एन ने सुरू होणारं सगळं एका फटक्यात उचललं. त्यात अंकल आले, अंडर आणि त्याचं अख्खं खटलं आलं, युनिक, युनिफॉर्म, युनियन ही लॅटिनमधल्या ‘एक’ची पिलावळ आली. हे लोक निदान दिसतात तरी, हाताने वेचून काढता येतात. पण अनटिल आणि अनलेस ही जोडी महिनाभर डब्यात नकाराच्या गठ्ठ्यात आरामात बसून होती, आणि अनलेसचा अर्थच ‘नसेल तर’ असा असल्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही. मग कोशात बघितलं तर तो मुळात ‘ऑन लेस’ निघाला, म्हणजे ‘याहून कमी असेल तर’ अशा धाटणीचा, बोलताना पुढच्या ऑनवर जोर पडत नव्हता म्हणून तो घासत गेला आणि अर्थात नकार असल्यामुळे लोकांनी त्याला ‘अन’चा पोशाख चढवला. अनटिल तर आणखी मजेशीर. त्यातला ‘अन’ म्हणजे ‘पर्यंत’, जुन्या नॉर्समधून, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेला, आणि टिल म्हणजेही पर्यंतच. आपल्या पिवळ्या पीतांबराचा इंग्रजी भाऊ. दोन्ही कार्डं बाद.

पण ही किरकोळ सफाई झाली. खरी फजिती वेगळीच, ‘अन’ हा एक नाहीच, दोन आहेत! दिसायला सारखे, बोलायला सारखे, घराणी निराळी. मी चार महिने दोघांना एकाच डब्यात कोंबत होते.

पहिला ‘अन’ म्हणजे साधा नकार. अनहॅपी, अनफेअर, अनसेफ. हा आपल्या घरचाच आहे, संस्कृतातला अ आणि अन्, ग्रीकमधला अ आणि अन्, लॅटिनमधला इन्, सगळी एकाच मुळाची भावंडं. आपल्याकडे व्यंजनापुढे अ आणि स्वरापुढे अन् येतो ना, अशक्य पण अनपेक्षित, अगदी तोच नियम ग्रीकनेही पाळलाय, म्हणून अनार्की आणि अनॉनिमसमध्ये तो न दिसतो आणि एथिइस्टमध्ये दिसत नाही. अनॉनिमसच्या पोटात ग्रीकचं ‘नाव’ आहे, म्हणजे तो शब्द आपल्या अनामचा लांबचा नातेवाईकच. हे कळलं तेव्हा मी एकटीच जोरात हसले होते.

दुसरा ‘अन’ उलटवणारा. अनटाय, अनझिप, अनफोल्ड, अनडू. म्हणजे जे केलं ते फिरवा. हा जर्मनमधल्या एंट-चा आणि ग्रीकमधल्या अँटी-चा सख्खा, अर्थ मुळात ‘समोर, विरुद्ध’. आन्सर या शब्दाच्या सुरुवातीला जो ‘अन’सारखा आवाज येतो ना, तोही हाच! जुन्या इंग्रजीत तो ‘अँड-स्वारू’ असा होता, म्हणजे कुणीतरी शपथेवर काही बोललं की त्याला समोरून शपथेवर दिलेलं प्रत्युत्तर. संस्कृतात याचा भाऊ ‘अन्ति’ आहे, समोर, जवळ या अर्थाचा, त्यावरूनच अंतिक. थोडक्यात दोन्ही ‘अन’चे पाहुणे आपल्याकडे आहेत, फक्त एकमेकांशी ओळख नाही.

लावायची कसोटी सोपी वाटली. ‘अन’ काढा, मागे विशेषण उरलं तर पहिला डबा, क्रियापद उरलं तर दुसरा. काइंड उरला, पहिला. टाय उरला, दुसरा. शंभरेक कार्डं भराभर लागली, चहा घ्यायलाही उठले नाही.

मग अडकले. निमित्त झालं ताईच्या मेसेजचं. ती कुठेतरी आठवडाभरासाठी जाणार होती आणि तारखा माझ्या डोक्यात एक दिवस मागे होत्या, त्यामुळे मी रात्री तिला विचारलं तयारी कुठवर आली, तर तिचं इंग्रजीत उत्तर, ‘ऑल बॅग्ज अनपॅक्ड!’ आणि पुढे नाचणारा चेहरा. मी लगेच फोन लावला आणि झापायला सुरुवात, अगं उद्या निघायचंय आणि एकही बॅग भरली नाहीस, वर नाचतेस काय. ती म्हणे, ‘अगं वेडे, मी पोचले पण! सामान काढून कपाटात लावून झालं.’

फोन ठेवला आणि अनपॅक्डचं कार्ड शोधलं. भरलीच नाही ती बॅग पण अनपॅक्ड आणि भरून रिकामी केली ती पण अनपॅक्ड. क्रियापदाचं भूतकाळी रूप विशेषणासारखं वापरलं की दोन्ही ‘अन’ येऊन हजर होतात आणि नुसत्या शब्दावरून काही कळत नाही. त्या रात्री असे किती निघतात ते बघत बसले. अनरॅप्ड गिफ्ट, म्हणजे कागद लावला नाही की कागद काढला? अनबटन्ड, बटण लावलं नाही की लावून सोडलं? अनलॉक्ड फोन, मुळातच कुलूप नसलेला की कुलूप उघडलेला? अनडन तर तीन पायांवर उभा, ‘लेफ्ट अनडन’ म्हटलं की करायचं राहिलेलं, गाठ अनडन म्हटली की सुटलेली, आणि जुन्या नाटकी इंग्रजीत ‘आय ॲम अनडन’ म्हणजे माझं वाटोळं झालं. अनलर्न्डही तसाच. एका उच्चारात अशिक्षित माणूस, दुसऱ्यात न शिकता उपजत आलेली गोष्ट, आणि अनलर्नचा भूतकाळ घेतला तर शिकलेलं डोक्यातून काढून टाकलं.

पण या सगळ्यांचा राजा अनलॉकेबल. हे कार्ड मी समोर ठेवून चांगला अर्धा तास बघत होते. लॉकेबल आधी जोडा आणि मग नकार द्या, तर अर्थ होतो ‘कुलूप लावता न येणारं’. अनलॉक आधी जोडा आणि मग एबल लावा, तर ‘कुलूप उघडता येणारं’. अक्षरं तीच, क्रम तोच, फक्त गाठ आधी कुठे मारली त्यावर दार बंदच होणार नाही की नक्की उघडणार हे ठरतं. मी कार्डावर निळ्या पेनने पहिल्या अर्थाभोवती एक गोल काढला आणि लाल पेनने दुसऱ्याभोवती दुसरा, दोन्ही गोल ‘लॉक’वर येऊन एकमेकांना छेदतात. भाषाशास्त्राचे लोक हे उदाहरण वर्षानुवर्षं वापरतात, पण स्वतःच्या हाताने गोल काढल्याशिवाय मला ते पटलं नव्हतं.

म्हणून तिसरा डबा आला. त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय ‘दोन्हीकडचे’. सध्या त्यात एकोणतीस कार्डं आहेत. अनमॅन्डही त्यातच टाकला, आज त्याचा अर्थ माणूस नसलेलं यान किंवा विमान, पण जुनं अनमॅन क्रियापद म्हणजे एखाद्याचा धीर खच्ची करणं.

दुसऱ्या डब्यात एक गंमत दिसली. उलटवता येईल तिथेच हा ‘अन’ नीट बसतो. गाठ सुटते, घडी मोडते, कुलूप उघडतं. पण अनब्रेक, अनईट, अनकिल कुणी म्हणत नाही, कारण तुटलेलं पूर्ववत होत नाही. आणि म्हणूनच नेटवर लोक एखादा भयंकर फोटो बघून ‘अनसी’ करायचंय म्हणतात तेव्हा हसू येतं, जे होऊच शकत नाही तेच मागतात. नामांना लागला की हा त्यातून ओढून काढतो. अनअर्थ म्हणजे जमिनीतून बाहेर, अनहॉर्स म्हणजे घोड्यावरून खाली, अनमास्क म्हणजे मुखवटा उतरवला. अनफ्रेंड मला सोशल मीडियाचं पोर वाटत होतं, 2009 साली न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं, म्हणून कार्डावर मी बिनधास्त ‘नवा’ लिहून मोकळी झाले होते. खोडावं लागलं. टॉमस फुलर नावाच्या इंग्रज लेखकाने 1659 मध्येच तो वापरून ठेवलाय, मतभेद झाला म्हणून आपण एकमेकांना अनफ्रेंड केलं नसेल अशी आशा आहे, अशा आशयाचं.

मराठीत असा एक ठोक उपसर्ग क्रियापदाला लावून उलटं करता येत नाही, आपल्याकडे दर वेळी नवा शब्द. बांधणे-सोडणे, शिवणे-उसवणे, गुंडाळणे-उलगडणे, मिटणे-उघडणे. लिहिता लिहिता जाणवलं की उसवणे, उलगडणे, उकलणे, उघडणे, उचकटणे, सगळे उ ने सुरू होतात. उघडणे तर सरळ उद्घाटनाच्याच घरचा, उद् आणि घट्. हा उ वेगळा छंद आहे, त्याच्या मागे गेले तर हे डबे धूळ खात पडतील, त्यामुळे कोपऱ्यात नोंद करून सोडून दिलं.

पहिल्या डब्यात जास्त काही घडलं नाही, पण एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. ‘अन’ला चांगलाच शब्द लागतो. अनहॅपी आहे, अनसॅड नाही. अनवाइज आहे, अनफूलिश नाही. अनक्लीन आहे, अनडर्टी नाही. अनकाइंड चालतो, अनक्रुएल ऐकला की कानाला खटकतो. अनसेल्फिश, अनअफ्रेड असे चुकार निघतात, पण बोटावर मोजण्याइतके. मराठीतही बघा, असमाधान म्हणतो, अदुःखी कुणी म्हणतं का?

नकारवाल्यांमध्ये लॅटिनचा इन- सतत पायात येतो. तो शेजारी बघून रंग बदलतो, इम्पॉसिबल, इल्लीगल, इरेग्युलर, तर ‘अन’ मात्र हेकट, अनपॉप्युलर, अनलकी, अनरिअल, कुणासाठी वाकणार नाही. आणि एकाच शब्दाच्या घरात दोघं कसे नांदतात ते बघून मी चक्रावले, विशेषण अनजस्ट पण नाम इनजस्टिस, अनइक्वल पण इनइक्वॅलिटी, अनएबल पण इनएबिलिटी. म्हणजे स्पेलिंगमध्ये मी शाळेपासून जे गोंधळत आले ते सगळं माझ्या बावळटपणामुळे नव्हतं. नॉन- घेतला तर त्यात शेरा नसतो, नॉनप्रोफेशनल म्हणजे व्यवसाय म्हणून न करणारा, अनप्रोफेशनल म्हणजे शिस्त नसलेला. आपलं बिगर तेच काम करतं, बिगरशास्त्रीय म्हटलं तर नुसतं वर्गीकरण, अशास्त्रीय म्हटलं की टोला.

आता वात्रट कार्डं. अनलूज म्हणजे लूजच, सोडणे. अनथॉ म्हणजे लोक थॉच म्हणतात, वितळवणे. रॅव्हलचा एक अर्थ गुंतवणे, एक उसवणे, आणि अनरॅव्हल पुन्हा उसवणेच. ‘अन’ लागून काहीही उलटं होत नाही, नुसता जोर येतो. मी यावर इंग्रजीला नावं ठेवायला सुरुवात केली होती, मग आठवलं आपला अचपळ! करुणाष्टकातलं ते न आवरणारं मन चपळ नसलेलं नाही, भलतंच चपळ आहे. तसंच घोर वाईट आणि अघोरीही वाईटच. गप्प बसले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘अन’ काढल्यावर मागे काहीच न उरणाऱ्यांवर. अनकेम्प्ट, म्हणजे विस्कटलेला, अवतार झालेला. केम्प्ट म्हणजे विंचरलेलं, कंगव्याच्या ‘कोम’ या इंग्रजी शब्दाचंच जुनं क्रियापद, ते गेलं आणि नकार तेवढा राहिला, पुढे लोकांनी गमतीत केम्प्ट परत उभा केला. अनस्केद्ड, अजिबात इजा न झालेला, त्यातला स्केद म्हणजे इजा, आता एकटा फारसा दिसत नाही. अनकॅनी, म्हणजे गूढ, काहीसा भीतिदायक, त्यातला कॅनी म्हणजे चाणाक्ष, तो स्कॉटलंडकडे अजून चालतो.

आणि अनकूथ. असंस्कृत, रांगडा, चारचौघांत कसं वागावं न कळणारा. कूथ म्हणजे काय ते बघायला गेले तर जुन्या इंग्रजीत कूथ म्हणजे ‘माहीत असलेला’, हल्लीच्या कॅन क्रियापदाचंच जुनं रूप, आणि त्याचं मूळ आपला ‘ज्ञा’ धातू ज्या मुळातून आला तेच. म्हणजे अनकूथ आणि अज्ञात, पुढचा नकार तोच, आतला धातू तोच. माहीत नसलेला, मग परका, मग विचित्र, मग गावंढळ, असा तो इंग्रजीत घसरत गेला, आणि आपला अज्ञात मात्र जागचा हलला नाही. मी त्या कार्डाच्या मागे पेन्सिलने ‘अज्ञात’ लिहिलं, पहिल्या डब्यात टाकायला उचललं आणि परत खाली ठेवलं. सध्या ते टेबलाच्या काचेखाली सरकवलंय.

अनबटन्ड अजून पलंगावरच आहे, उशीखाली गेला होता.