मे महिन्यात वाहणारं पावसाळी गटार

‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ हा महापालिकेचा मेसेज आला तेव्हा मी ज्याची तक्रार केली होती त्याच पावसाळी गटाराच्या तोंडाशी उभी होते आणि त्यातून फेसाळ, उग्र वासाचं पाणी नदीत पडत होतं. ते वाक्य आठवलं की अजूनही डोकं तापतं.

आम्ही मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या डोंगरातून उतरणारी नदी आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्या तिथूनच येतात. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या ओव्हरफ्लोमधून निघून माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून नदी म्हटलं की मुंबईकराला पूर आठवतो. पावसाळा सरल्यावर तिच्यात काय वाहतं, हे कुणी बघत नाही.

बघायची रीत सोपी आहे. मुंबईत सांडपाण्याची लाइन वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी. सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे जायला हवं. पावसाळी गटारातलं पाणी मात्र कुठलीही प्रक्रिया न होता थेट नाला, नदी, खाडी असं जातं. म्हणजे ऐन मे महिन्यात पावसाळी गटार वाहत असेल, तर ते पाणी पावसाचं नक्कीच नाही. कुठूनतरी सांडपाणी त्यात शिरतंय. आमच्याकडे ते सकाळी सात ते दहा भरपूर वाहायचं आणि दुपारी ओसरायचं. घराघरांत नळ सुरू असण्याचीच ती वेळ.

तक्रार नोंदवणं, सोसायटीच्या लेटरहेडवर सह्या घेणं, यात काही अडचण आली नाही. अडलं ते पुढे.

महापालिकेचं पावसाच्या पाण्याचं खातं म्हणालं, “मॅडम, आमची लाइन साफ आहे. आत सांडपाणी येतंय, तिकडे विचारा.” सांडपाण्याचं खातं म्हणालं, “पाणी पडतंय त्यांच्या लाइनमधून, आमच्या नाही.” दोन्ही खाती एकाच इमारतीत, मध्ये फक्त एक जिना. एकाने गाळ काढून फोटो लावला आणि तक्रार बंद केली. दुसऱ्याने ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ असा शेरा मारून बंद केली. मी पुन्हा नोंदवली, पुन्हा बंद. साहेब साइटवर, साहेब मीटिंगला, साहेब इलेक्शन ड्युटीवर. बाकावर बसून वाट बघताना मला राग यायचा तो यासाठी की पाणी रोज जातच होतं. कागद ज्या टेबलावर असेल तिथे असो, नदीत घाण पडायची थांबत नव्हती.

शेवटी गाळ काढणाऱ्या माणसांच्या मुकादमाने वाट दाखवली. “ताई, दोघांना एकदम जागेवर बोलवा. एकेकटा आला की दुसऱ्यावर ढकलणारच.” त्याला ‘संयुक्त पाहणी’ म्हणतात. हे शब्द अर्जात लिहा, आणि एकच अर्ज दोन्ही खात्यांच्या नावे देऊन दोघांच्या आवक शिक्क्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेल्याला तिथे काही किंमत नाही.

तरीही तारीख मिळेना, तेव्हा मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपये फी. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, म्हणून कैफियत मांडत बसू नका. मी एवढंच विचारलं: पाहणी कोणी केली, कोणत्या तारखेला केली, आणि त्या अहवालाची प्रत द्या. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. उत्तराच्या आधी पाहणीचा फोन आला.

दोन्ही इंजिनिअर आले. मागच्या हाऊस गल्लीतल्या, म्हणजे दोन इमारतींमधल्या अरुंद बोळातल्या, सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण उचललं, आत हिरवा रंग ओतला, वरून दोन बादल्या पाणी. आम्ही सगळे नदीकडच्या तोंडाशी जाऊन वाकून उभे राहिलो. थोड्या वेळाने राखाडी पाण्यात एक हिरवी रेघ आली, मग सगळी धारच हिरवी झाली. कुणी काही बोललं नाही. जमिनीखालची सांडपाण्याची जुनी पाइप फुटून पावसाळी गटारात रिकामी होत होती. मला त्या दिवशी खरोखर अभिमान वाटला.

पाइप बदलली. धार पुष्कळ कमी झाली, पण बंद नाही. कारण उरलेलं पाणी इमारतींमधलंच होतं. वॉशिंग मशीन बाल्कनीत ठेवतात आणि तिची नळी गच्चीवरून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपात सोडतात. प्लंबरला ते सोपं पडतं. तो साबण सरळ नदीत जातो. आमच्या सोसायटीत अशा सगळ्या नळ्या सांडपाण्याच्या पाइपला जोडून घेतल्या. शेजारच्या दोन सोसायट्यांशी बोलणं चालू आहे. रंगकाम चालू असेल तर डबे-ब्रश गटाराच्या जाळीवर धुऊ देऊ नका, हेही वॉचमनला सांगून ठेवा.

हो, आणि तक्रारीचे फोटो सलग कोरड्या दिवसांत काढा, तारीख-वेळ दिसेल असे. एक सर पडली की ‘पावसाचं पाणी आहे’ म्हणायला मोकळे. सुरुवात दिवाळीनंतर लगेच करा, मेपर्यंत थांबू नका. पावसाळा जवळ आला की रस्ता खोदायची परवानगी मिळत नाही आणि मंजूर झालेलं कामही ऑक्टोबरवर जातं.