विकू की ठेवू?

"काकी, तो तेलवाल्या कंपनीचा शेअर विकू की ठेवू?" वेंगुर्ल्याच्या बाजारात भेटलेले विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरून हाच प्रश्न आला. तेलाचा शोध घेणाऱ्या एका छोट्या कंपनीत आमच्या गावातल्या बऱ्याच जणांचे पैसे अडकलेत. माझेही होते. ६२ रुपयांनी १५०० शेअर घेतले होते, ते गेल्या मार्चमध्ये २१च्या आसपास विकून टाकले. बँकेत तीस वर्षं काढली म्हणून लोक मला विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सगळं सांगते.

१९७४ साली मुंबई हायला तेल लागलं, तेव्हापासून समुद्रात ती विहीर खोदणाऱ्या 'सागर सम्राट' जहाजाचं नाव बाबा फार कौतुकाने घ्यायचे. या कंपनीकडचं क्षेत्र गुजरातेत, खंभातच्या बाजूचं. तिथे १९५८ पासून तेल सापडत आलंय. एवढ्यावर मी भुलले. शिवाय खाण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर रेडी यायची: लाल धूळ, खनिजाचे ढीग, बंदरातून जाणारा माल. पण रेडीला माल दिसतो, मोजता येतो, विकता येतो. शोध घेणाऱ्या कंपनीकडे विकायला अजून काहीच नसतं. तिच्याकडे असतो सरकारचा परवाना आणि थोडे पैसे, आणि दोन्हींना मुदत असते. ठरलेल्या मुदतीत कबूल केलेल्या विहिरी खोदल्या नाहीत, तर सरकारला भरपाई द्यावी लागते.

भाव ४०वर आला तेव्हाच विकायला हवे होते. विकले नाहीत, त्याचं कारण आमच्या परसातली विहीर.

मी आठवीत असताना बाबांनी ती खोदायला घेतली. पाणाड्याने चाळीस फुटांच्या आत पाणी सांगितलं होतं. वरचा जांभा भराभर निघाला, मग चिकण माती, आणि अडतीस फुटांवर काळा कातळ. आता सुरुंग लावायला हवे होते आणि गड्यांची पुढच्या आठवड्याची मजुरी घरात नव्हती. आईने हातातल्या पाटल्या काढून पुढे ठेवल्या. बाबांनी त्या तिच्याच हातात परत घातल्या आणि काम थांबवलं. "दोन हातांवर पाणी होतं," असं आई शेवटपर्यंत म्हणायची. विहीर आजही कोरडी आहे, वर चिरे टाकून झाकलेली.

त्यामुळे शेअर पडत गेला तरी मला वाटत राहिलं, दोन हातांवर तेल असेल. तुमच्यातले बरेच जण याच आशेवर थांबलेत, मला ठाऊक आहे.

शेवटी एका रविवारी कंपनीचा सहामाही ताळेबंद घेऊन बसले. नफा-तोटा बाजूला ठेवला, अशा कंपनीला तोटा असायचाच. पाहिलं ते हातातल्या रोख शिल्लकेकडे. ती होती ९ कोटी. पगार, कचेरी, परवान्याचा खर्च मिळून तिमाहीला २ कोटी जात होते. आणि पुढच्या विहिरीचा खर्च कंपनीनेच २२ कोटी सांगितला होता. म्हणजे नुसतं बसून राहिलं तरी वर्षभरात पैसे संपणार, आणि विहिरीला आजच पुरत नाहीत. जमिनीखाली काय आहे हे कोणालाच माहीत नसल्याने बँका अशा खोदाईला सहसा कर्ज देत नाहीत. मग खर्च उचलणारा भागीदार मिळाला नाही, तर उरतो एकच मार्ग, नवे शेअर काढायचे.

तसे ते आधीच एकदा काढले होते. मी घेतले तेव्हा कंपनीचे ६ कोटी शेअर होते, आता १० कोटी झालेत. समजा तेल लागलं आणि त्याची किंमत ३०० कोटी धरली, तर आधी माझ्या एका शेअरमागे ५० रुपये आले असते, आता ३० येणार. विहिरीसाठी पुन्हा शेअर काढले की आणखी कमी. तेल लागलं तरी माझे ६२ परत येत नाहीत, हे कागदावर मांडलं तेव्हा हात थंड पडले. मग मी ६२ हा आकडाच मनातून काढला.

तुमच्यासाठी मी हेच बघेन: पुढच्या विहिरीचे पैसे कोण देणार? एखादी मोठी कंपनी भागीदार म्हणून खर्च उचलणार असेल आणि तसं शेअर बाजाराला लेखी कळवलेलं असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचे, शेअर गहाण आहेत का, तेही बघा. दर तिमाहीला ते जाहीर होतं.

आणि विकायचं ठरलं तर खरेदीदार आहेत तोवर विका. पहिल्या दिवशी माझे ४००च गेले, उरलेले जायला तीन दिवस लागले. लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव पडायची ठरलेली मर्यादा, लागायला लागलं की घेणारा कोणी नसतो. प्राप्तिकराच्या हिशेबात, वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो. विवरणपत्र वेळेत भरलं तर तो पुढे आठ वर्षं नेता येतो.

हाती आलेल्या साडेएकतीस हजारांतून वरच्या भरडावर 'वेंगुर्ला ४' काजूची कलमं लावली. शेअर आज १७वर आहे, विहीर खोदलेली नाही. उद्या कोणी खोदली आणि तेल लागलं, तर मला हळहळ वाटेल, आईला वाटायची तशीच.