पऱ्हाटीतला हायड्रोजन

शेतातल्या काडीकचऱ्यातून जीवाणूंकडून हायड्रोजन करून घ्यायचा, हा माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट. त्यासाठी मी सोयाबीनचं कुटार न्यायला निघाले होते. मऊ असतं, लवकर कुजतं. बाबांनी पोत्याला हात लावू दिला नाही. "कुटार ढोरायले लागते, पोरी. पऱ्हाटी घेऊन जाय ना."

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात कापूस निघाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून धुऱ्यावर पेटवतात. बोंडअळीमुळे शेतात ठेवता येत नाही. बाबांचं खरंच होतं. पण पऱ्हाटी म्हणजे लाकूडच! लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनची वीण सैल झाल्याशिवाय आतली साखर जीवाणूंच्या हाती लागत नाही. भुकटी पातळ सल्फ्युरिक आम्लात घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या प्रेशर कुकरमध्ये, शिजवली, चुन्याने आम्ल मारलं, गाळलं. कोऱ्या चहासारखं पाणी निघालं.

जीवाणू घरच्या गोबरगॅसच्या स्लरीतले. पहिल्या बाटलीत बुडबुडे छान आले, पण गॅस तपासला तर मिथेनच. स्लरीतले मिथेन करणारे जीव तयार झालेला हायड्रोजन तिथल्या तिथे खाऊन टाकत होते. मॅडमनी विचारलं, "स्लरी उकळलीस का?" उकळली तर सगळेच मरतील, असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. हायड्रोजन करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जीवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं कवचातलं झोपलेलं रूप, तासभर उकळूनही तगतात. मिथेनवाल्यांना बीजाणूच नसतात. सगळ्या प्रयोगाची किल्ली या एका तासात आहे.

पुन्हा मांडणी केली: 37 अंश, पीएच 5.5, नायट्रोजन सोडून बाटलीतली हवा काढलेली. तरी तिसऱ्या दिवशी गॅस थांबला. झाकण उघडलं तर खवट लोण्याचा वास. ब्युटिरिक आम्ल साचून पीएच पार खाली गेला होता, म्हणजे पाणी फारच आंबट झालं होतं. पुढच्या बाटलीत खायचा सोडा थोडा थोडा देत राहिले.

गॅस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून नेला. कार्बन डायऑक्साइड तिथेच अडकला. उरलेला उलट्या परीक्षानळीत धरला. मॅडमनी पेटती काडी नेली आणि 'टप्प' झालं. हायड्रोजनची हीच खूण. माझे डोळे भरून आले.

गावात विचारतात, यावर ट्रॅक्टर चालेल का? आज तरी नाही. ग्लुकोजच्या एका रेणूतून ॲसेटिक आम्लाच्या वाटेने फार तर 4 रेणू हायड्रोजन मिळतो, ब्युटिरिकच्या वाटेने 2. बाकी सगळं आम्लातच राहतं. ते आंबट पाणी मी कॅनमध्ये भरून घरी आणलं आणि थोडं थोडं करून गोबरगॅसमध्ये ओतलं. मिथेनवाल्यांना ते चालतं.