"याच्यात भेव काय आहे?"

"मावशी, याच्यात भेव काय आहे?"

दिवाळीच्या सुट्टीत आश्रमशाळेतून घरी आलेली, आठवीतली शेजारची पोर आज ओसरीवर बसून मला विचारत होती. तिला एक रहस्यकादंबरी वाचून दाखवत होते. धुक्यातली निवासी शाळा, रात्री कुलूप लागणारं फाटक, एक मुलगी गायब. मुलांनी घरी लिहिलेली पत्रं वॉर्डन आधी वाचते, तिथं मी मुद्दाम आवाज खाली आणला होता.

पोर शेंगा फोडत म्हणाली, "आमच्याकडं बी फोन स्पीकरवरच लावतेत. मॅडम बाजूलेच राहते."

आणि पुढं वाच म्हणाली.

मला पुढं वाचवेना. लेखकाला जे रचून आणावं लागलं, ते या लेकराला रोजचंच होतं! मेळघाटात, गडचिरोलीत किती पोरं अशी घरापासून लांब शिकतात. शिकायलाच हवं, दुसरी वाट नाही. पण अशा गोष्टींतली खरी भीती अंधाराची नसतेच. बोलायला माणूस नसतो, त्याची असते. काही झालं तर आईला सांगायचं कसं, तेही मॅडमसमोर?

१०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा मोफत फोन नंबर, दिवसरात्र चालू असतो. २०१२ चा पॉक्सो कायदा तर सांगतो की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

तिला नंबर पाठ करून घेतला. तुमच्या घरच्या, होस्टेलात राहणाऱ्या पोरांना तो माहीत आहे का?