मियाटाचा फ्युएल पंप, नकली माल आणि एक फॉर्म: माझा अनुभव

फ्युएल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा पंप, बदलायला एक दुपार पुरते. माझे त्यानंतरचे कित्येक आठवडे गेले ते एका वॉरंटीच्या फॉर्मपायी. तो राग अजून निवळलेला नाही, म्हणून हे लिहितोय. ज्यांच्याकडे जुनी मियाटा किंवा त्या काळातली कुठलीही इंजेक्शनवाली जपानी गाडी आहे, त्यांनी पंप मागवण्याआधी हे जरूर वाचावं.

माझी गाडी १९९२ची माझदा एमएक्स-५ मियाटा. १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, वर उघडणारे हेडलाइट. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल ती झाकून ठेवतो आणि उन्हाळ्यात मनसोक्त चालवतो. गेल्या उन्हाळ्यात दुखणं सुरू झालं. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू व्हायची, पण अर्धा तास चालली की ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ नाही, मिसिंग, आणि मग बंद. पाऊणएक तास थांबलं की पुन्हा जणू काही झालंच नाही अशी चालू. शेवटी ती पेट्रोलपंपावरच बंद पडली. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, माणूसच भरतो. तिथे काम करणारे सरदारजी "कोई बात नहीं जी" म्हणत स्वतः धक्का मारायला आले. त्यांचे आभार इथेही मानतो.

फ्युएल पंपावर खापर फोडण्याआधी एक तपासणी कराच. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला 'डायग्नोसिस' लिहिलेली काळी प्लास्टिकची डबी दिसते. तिच्या झाकणाखाली एफ/पी आणि जीएनडी अशी दोन टर्मिनल आहेत. त्यांच्यात वायरचा तुकडा जोडायचा आणि चावी ऑनवर फिरवायची, सेल्फ मारायचा नाही. सीटच्या मागून बारीक घरघर ऐकू आली तर पंप फिरतोय. आवाज नसेल तर पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावून बारा व्होल्ट पोचतायत का ते बघायचं. पोचत असतील आणि अर्थिंग ठीक असेल, तर पंपच गेलाय. पोचत नसतील तर फ्यूज, रिले, वायरिंग बघा, उगाच पंप आणू नका. १.६च्या गाड्यांत एअर फ्लो मीटरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या भागाच्या) आतल्या पाकळीला एक स्विच असतो. इंजिनने हवा ओढून पाकळी उघडी ठेवली तरच पंप चालू राहतो. तो स्विच खराब झाला तरी गाडी अशीच दगा देते. १९९४ पासूनच्या १.८ मध्ये हे काम ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे गेलं. माझ्या गाडीत थंड असताना पेट्रोलचं प्रेशर चाळीस पीएसआयच्या आसपास होतं, तापल्यावर ते घसरत जायचं आणि व्होल्टेज मात्र जागच्या जागी. निदान पक्कं झालं.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने "टाकी खाली उतरवावी लागेल" म्हणून हजार डॉलरच्या वरचा आकडा सांगितला. गाडीखाली वाकून बघितलंही नाही. या गाडीत टाकी उतरवावी लागत नाही. सीटच्या मागच्या फळीवरचं कार्पेट उचललं की खाली पत्र्याचं झाकण आहे, त्याच्याखाली पंपाची प्लेट. माझदाच्या इंजिनिअरांनी ही सोय मुद्दाम ठेवली आहे, आणि त्याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

मी ऑनलाइन पंप मागवला. नामांकित कंपनीचा खोका, सील, हमीपत्र, सगळं जिथल्या तिथे. बसवला, गाडी गुणगुणत चालू झाली. काही आठवड्यांत पुन्हा तेच दुखणं, या वेळी आधीपेक्षा लवकर. पंप बाहेर काढला तर अंगावरची छपाई पेट्रोलमध्ये धुऊन निघालेली, आणि तळाशी प्लास्टिकच्या जोडाला चीर. फोटो काढून मूळ कंपनीला ईमेल केला. त्यांचं उत्तर नम्र आणि स्पष्ट होतं: हा कोड आमच्या मालिकेतला नाही, हा पंप आमचा नाही. नकली माल. ते उत्तर मी लगेच छापून ठेवलं, आणि पुढे त्याच कागदाने मला तारलं.

इथून पुढे घोडं अडलं.

विक्रेत्याच्या साइटवर 'रिटर्न' दाबलं की कारणांची यादी येते: बसत नाही, मोडका आला, बसवल्यावर बिघडला. 'नकली निघाला' असा पर्यायच नाही. 'बसवल्यावर बिघडला' निवडलं की नवे रकाने उघडतात: गॅरेजचं नाव, प्रमाणित मेकॅनिकचा एएसई क्रमांक, मजुरीचं बिल. पंप मी माझ्या हाताने, माझ्या घराच्या ड्राइव्ह-वेमध्ये बसवलेला. गॅरेजच्या रकान्यात 'स्वतः' असं लिहिलं तर फॉर्म पुढे जाईना, लाल अक्षरात 'क्रमांक अवैध'. फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एका मुलीने सांगितलं की फॉर्म भरल्याशिवाय तिच्याकडे तक्रार नोंदवलीच जात नाही. मी विचारलं, फॉर्म भरताच येत नाही त्याचं काय? ती म्हणाली, त्यासाठी साइटवर मदतीचं पान आहे. त्या पानावर हाच फोन नंबर होता.

मग मी सविस्तर ईमेल लिहिला. अमेरिकेत १९७५चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. कंपनी ती सेवा फुकट देत नसेल, तर अमुक नावाच्याच दुकानातून काम करून घ्या अशी अट वॉरंटीला जोडता येत नाही. मी कलमासकट लिहिलं. उत्तर आलं: आम्ही कुठल्याही एका गॅरेजचं नाव घेत नाही, कोणताही प्रमाणित मेकॅनिक चालेल. कायद्याच्या शब्दात बघितलं तर त्यांचं म्हणणं खोटं ठरवता येत नव्हतं, आणि म्हणूनच जास्त चीड आली. पण मुळात हा वॉरंटीचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याचं नाव छापून विकलेली वस्तू होती ती. माल ज्याचा म्हणून विकला त्याचा नसेल, तर तो कोणी बसवला याला काय अर्थ आहे? हे मी परत परत लिहिलं. दर वेळी नव्या माणसाचं उत्तर, दर वेळी सुरुवात पहिल्यापासून: कृपया फॉर्म भरा.

शेवटी कोणीतरी वरचा अधिकारी मधे आला आणि म्हणाला, ठीक आहे, फॉर्म नको, पंप आमच्याकडे परत पाठवा, तपासून पैसे देऊ. मला हायसं वाटलं. खोका बांधून कुरियरच्या काउंटरवर गेलो. आत काय आहे? वापरलेला फ्युएल पंप. तिथल्या बाईंनी खोका तिथल्या तिथे माझ्याकडे सरकवला. पेट्रोलचा अंश किंवा वाफ असलेली वस्तू धोकादायक मालात मोडते, साध्या पार्सलने जात नाही. बाईंचं बरोबरच होतं. मी पंप मोकळ्या हवेत सुकवला होता तरी वास येतच होता, आणि तो वास असलेला खोका विमानात जाऊ नये हे मलाही पटतं. माझा राग त्यांच्यावर नाही. राग विक्रेत्यावर आहे, कारण गाडीचे पार्ट विकणाऱ्याला हा नियम ठाऊक नसणं शक्य नाही. हे त्यांना कळवलं तर उत्तर: माल मिळाल्याशिवाय पैसे परत करता येत नाहीत. धोकादायक मालाचं लेबल द्या, खर्च मी करतो, असंही लिहिलं. त्यावर शांतता.

बायको म्हणाली, "अरे, शंभरेक डॉलरसाठी किती रक्त आटवशील? सोड ना." तिचं म्हणणं व्यवहाराचं होतं. पण हाच पंप तापलेल्या दिवशी पार्कवेच्या (इथल्या हायवेच्या) डाव्या लेनमध्ये बंद पडला असता तर? चीर गेलेल्या जोडाची दोन सीटची बुटकी गाडी, मागे ट्रक. मला हे सोडवेना.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील तर १९७४चा फेअर क्रेडिट बिलिंग कायदा तुमच्या बाजूने आहे, पण त्याला घड्याळ आहे. तो खर्च ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा दिसला, ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत तुमचं लेखी पत्र बँकेकडे पोचलं पाहिजे. हे दिवस पंप बिघडल्यापासून मोजत नाहीत, विक्रेत्याने नकार दिल्यापासूनही नाही. म्हणजे विक्रेता तुम्हाला फॉर्ममध्ये जेवढं घोळवेल, तेवढे दिवस तुमच्या हातून जातात. माझ्या डोक्यात ही तारीख पहिल्यापासून होती, म्हणून मी त्याच्या शेवटच्या उत्तराची वाट बघत बसलो नाही. पत्र स्टेटमेंटवर छापलेल्या तक्रारींच्या पत्त्यावर जातं, बिल भरायच्या पत्त्यावर नाही. हे दोन पत्ते वेगळे असतात. मी पोचपावतीसह पाठवलं. सोबत मूळ कंपनीचा ईमेल, धुतलेल्या छपाईचे आणि चिरेचे फोटो, विक्रेत्याशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारीखवार, आणि कुरियरच्या नियमावलीचं पान, ज्यात वापरलेल्या इंधनाच्या पार्टबद्दल लिहिलंय. हे शेवटचं पान विसरू नका. बँक हमखास विचारते की माल परत करायचा प्रयत्न केलात का.

बँकेने पत्र मिळाल्याचं ३० दिवसांत कळवावं लागतं, आणि निकाल दोन बिलिंग चक्रांत, जास्तीत जास्त ९० दिवसांत. तोपर्यंत तेवढी वादातली रक्कम भरायची नाही, बाकीचं बिल मात्र वेळेवर भरायचं. निकाल माझ्या बाजूने लागला. विक्रेत्याने उत्तरादाखल बँकेला काय पाठवलं असेल? तोच रिकामा फॉर्म, 'ग्राहकाने भरला नाही' म्हणून. बँकेच्या कागदपत्रांत तो बघितला तेव्हा, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

दरम्यान दुसरा पंप मी फक्त याच गाडीचे पार्ट ठेवणाऱ्या दुकानातून घेतला. पंप, खालची जाळी, होजचा तुकडा, क्लॅम्प आणि प्लेटचं गॅस्केट असा पूर्ण संच मागा. होजबद्दल फार काटेकोर राहा. टाकीच्या आत पंपाला जोडलेली नळी पेट्रोलमध्ये बुडालेली असते, म्हणजे तिला आतून-बाहेरून दोन्हीकडून पेट्रोल लागतं. तिच्यावर एसएई ३०आर१० छापलेलं हवं. ३०आर७ किंवा ३०आर९ ही बाहेरच्या जोडणीची नळी आहे. ती आत लावली तर फुगते, मऊ पडते, आणि पंप नवा असूनही प्रेशर मिळत नाही. बुडीत नळी फुटाला महाग वाटते, पण लागते वीतभरच.

प्लेटचे स्क्रू जपानी जेआयएस खाचेचे आहेत. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात निसटतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएसचा ड्रायव्हर आणा, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, हट्टी स्क्रूला हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. माझ्या गाडीत प्लेटभोवती तीस वर्षांची माती साचली होती. झाकण काढल्यावर, प्लेट उघडण्याआधी, ती सगळी व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर सरळ टाकीत पडेल. व्हॅक्यूम हे टाकी बंद असतानाच चालवायचं, उघड्या टाकीजवळ कधीच नाही.

काम सुरू करण्याआधी लाइनमधलं प्रेशर काढून टाका. इंजिन चालू ठेवून सर्किट ओपनिंग रिलेचा (पंपाला वीज देणाऱ्या रिलेचा) कनेक्टर काढायचा, गाडी आपोआप बंद पडते. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. मियाटाची बॅटरी डिकीत आहे, नवख्या माणसाला बॉनेटखाली सापडत नाही. टाकी अर्ध्याच्या बरीच खाली असू द्या. गाडी उघड्यावर ठेवा. इथे बऱ्याच घरांत गॅसवर चालणारा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत त्याच्या ज्योतीपर्यंत पोचते. पेट्रोलच्या आगीला चालणारा अग्निशामक हाताशी ठेवा.

फ्युएल फिल्टरही याच वेळी बदला. तो गाडीखाली उजव्या मागच्या चाकाच्या पुढे आहे. जुन्या पंपाचा चुरा त्यातच अडकलेला असतो.

आणि कार्पेट लावायची घाई करू नका. होज, क्लॅम्प, कनेक्टर लावून झाले, बॅटरी जोडली, की पत्र्याचं झाकण उघडं ठेवूनच डायग्नोसिसच्या डबीत पुन्हा एफ/पी आणि जीएनडी जोडा, चावी ऑन करा आणि पंप एखादं मिनिट फिरू द्या. १.६ मध्ये नुसत्या चावीने पंप फिरत नाही, म्हणून ही वायर लागतेच. टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा, कोरड्या कागदाने पुसून वास घ्या. कागद कोरडा निघाला तरच झाकण लावा.