होमरला गळ टाकायचा तर आधी तिथी बघा

अलास्कातल्या होमरला आम्ही दोनदा गेलो. पहिल्या खेपेला सुट्टी मिळाली म्हणून निघालो आणि नेमकं पौर्णिमेचं उधाण गाठलं. तिथल्या कुक इनलेट या खाडीत भरती-ओहोटीतला फरक 20 फुटांवर जातो. पाण्याला ओढ एवढी, की दीड किलोचं शिसं लावूनही आमिष तळाला टिकेना. सहा जणांच्या दोऱ्या सतत एकमेकींत गुंतत होत्या. हॅलिबट, म्हणजे तिथले मोठे चपटे मासे, मिळाले, पण लहान आणि मोजके.

या ऑगस्टमध्ये बाबा सोबत होते. त्यांचं लहानपण मालवणात गरवण्यात, म्हणजे गळाने मासे धरण्यात गेलेलं. बोट ठरवण्याआधीच त्यांनी विचारलं, "भांग कधी आहे?" भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी. मालवणला जो चंद्र, तोच होमरला. अष्टमीनंतरचे दोन दिवस धरले आणि तोच समुद्र वेगळा वाटला. अर्ध्या शिशात काम भागलं. जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की तारीख भांगाची घ्या. अलीकडच्या हंगामांत चार्टर बोटींना, म्हणजे पैसे घेऊन मासेमारीला नेणाऱ्या बोटींना, बुधवारी हॅलिबट धरायला बंदी असते. किती मासे ठेवायचे, केवढे ठेवायचे, हेही बदलत राहतं, म्हणून पैसे भरण्याआधी त्या वर्षीचे नियम वाचा. मासेमारीचा परवाना ऑनलाइन मिळतो; किंग सालमन धरायचा असेल तर त्याचा वेगळा स्टँप, म्हणजे जादा परवाना लागतो.

अँकरेजहून होमर गाडीने पाचेक तास. बोटी सुटतात त्या स्पिटवरून, म्हणजे समुद्रात साडेचार मैल शिरलेल्या चिंचोळ्या पट्टीवरून. ऑगस्टमध्येही बोटीवर लोकरी टोपी लागते. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्रीच घ्या.

सुमारे दोनशे फूट खोल हेरिंग माशाचं आमिष सोडलं. बाबांच्या हाताला हिसका द्यायची सवय, त्यात पहिला मासा गेला. इथे सर्कल हुक वापरतात, टोक आत वळलेला गळ. मासा आमिष घेऊन वळला की तो आपसूक जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. हिसका दिला तर तोंडातून निसटून येतो. दुसऱ्या वेळी दांडीचं टोक दोनदा वाकलं, तरी बाबा हलले नाहीत. तिसऱ्यांदा ते पाण्याकडे ओढलं गेलं तेव्हा त्यांनी सावकाश रीळ फिरवायला सुरुवात केली. पंधरा मिनिटांनी हिरव्या पाण्यात आधी तपकिरी पाठ दिसली, मग पांढरं पोट लखकन उलटलं. दोन्ही डोळे उजव्या अंगाला. "ह्यो तर लेपाचो आजो!" बाबा ओरडले. लेप म्हणजे आपल्याकडचा छोटा चपटा मासा.

दुपारी सिल्व्हर सालमनसाठी बोट संथ चालवत ट्रोलिंग केलं. तारेला बांधलेला जड गोळा दोरी हव्या त्या खोलीवर नेतो, मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते. सिल्व्हर हवा असेल तर ऑगस्टच उत्तम. नुसता हॅलिबट हवा असेल तर जून-जुलैही चालेल.

बोटीवरच्या मदतनिसाला टीप द्यायची पद्धत आहे, ती खर्चात धरा. स्पिटवर मासे व्हॅक्यूम पॅक करून गोठवून देतात. पाकिटं एका जेवणापुरती करायला सांगा. आणि हॅलिबटचे गाल मागून घ्या, नाहीतर ते फेकले जाऊ शकतात. आम्ही सोबत आगळ (कोकमाचा रस) आणि मालवणी मसाला नेला होता. कॅबिनमध्ये बाबांनी त्याच रात्री गालांचं तिखलं केलं. मासा चटकन कोरडा पडतो, तेव्हा रस्सा उकळल्यावरच आत सोडा आणि लगेच उतरवा.