ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइस : एलडीसीच्या परीक्षेसाठी केलेल्या अभ्यासाचा माझा अनुभव

गोव्यातल्या सरकारी खात्यांत कनिष्ठ कारकुनाच्या, म्हणजे आपण सगळे ज्याला एलडीसी म्हणतो त्या पदाची जाहिरात निघते तेव्हा तीत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे ज्ञान इष्ट, असे छापलेले असते. परंतु लेखी परीक्षेत माझ्यासारखे उमेदवार अडतात ते इंग्रजीत, आणि इंग्रजीतही व्याकरणाच्या प्रश्नांवर. त्या व्याकरणातल्या एकाच प्रकरणाचा, ॲक्टिव्ह व्हॉइसचा पॅसिव्ह आणि पॅसिव्हचा ॲक्टिव्ह करण्याचा, अभ्यास मी कसा केला हे येथे लिहीत आहे.

मी डिचोली तालुक्यातली. घरात कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून, हा आमच्या भागातल्या पुष्कळ मुलांचा ठरलेला क्रम आहे. या क्रमात इंग्रजी व्याकरण पायापासून शिकायचे राहूनच जाते, कारण प्राथमिकमध्ये त्याचे वय नसते आणि हायस्कूलमध्ये ते येते असे धरून चालतात. व्हॉइसचे नियम आम्ही नववीत पाठ केले, दहावीला गोवा बोर्डाच्या पेपरात उतरवले आणि तेथेच सोडून दिले. पदवीनंतर एलडीसीच्या तयारीला लागले तेव्हा हे प्रकरण पुन्हा पहिल्यापासून काढावे लागले.

सुरुवातीला मी एका खासगी क्लासला जात होते. तेथे एकच सूत्र फळ्यावर लिहिलेले असे : कर्म पुढे आणा, कर्ता मागे न्या, मध्ये ‘बी’चे (इज, वॉज वगैरे) रूप आणि क्रियापदाचे तिसरे रूप घाला आणि कर्त्याआधी ‘बाय’ लावा. ‘आल्बुकर्क कॅप्चर्ड गोवा इन १५१०’ या वाक्याचे या सूत्राने ‘गोवा वॉज कॅप्चर्ड बाय आल्बुकर्क इन १५१०’ असे सरळ रूपांतर होते, आणि अशी सरळ वाक्ये सोडवत राहिले की प्रकरण समजले असेच वाटते. त्यानंतर मांडवीवरचा जुना पूल १९८६ मध्ये कोसळला त्याचे, ‘द ब्रिज कोलॅप्स्ड’ असे वाक्य पुढे आले की पुढे आणायला काहीच सापडत नाही. पूल कोसळला, पण त्याने दुसरे काही कोसळवले नाही. क्रियापद अकर्मक आहे आणि त्याचा पॅसिव्ह होत नाही. हे क्लासमध्ये सांगितले जात नव्हते, कारण सरावाच्या यादीत अशी वाक्येच नव्हती. परीक्षेत मात्र ती मुद्दाम घालतात.

आमच्या वाड्यावर इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक राहतात. क्लास सोडून मी त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांची पद्धत अगदी साधी होती. कोणतेही वाक्य समोर ठेवले की ते विचारत, “अगो, आधी कर्म कुठे आहे ते दाखव.” क्रियापदाला ‘काय’ किंवा ‘कोणाला’ असा प्रश्न विचारून उत्तर आले तरच पेन उचलायचे. ‘स्लीप’, ‘अराइव्ह’, ‘गो’ यांना उत्तर येत नाही, म्हणून ती बाजूला पडतात. ‘हॅव’, ‘लॅक’, ‘रिझेंबल’ यांना उत्तर येते आणि तरीही त्यांचा पॅसिव्ह होत नाही, कारण त्यांत काही केले जात नाही, केवळ स्थिती सांगितली जाते. ‘शी रिझेंबल्स हर मदर’ याचा पॅसिव्ह करून दाखवणारी एक गाइड मी पाहिली आहे. ती मी तेव्हाच बंद केली.

खरी गाठ मात्र दुसरीकडे होती, आणि मराठीतून शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ती पडत असावी असे मला वाटते. शाळेत आपल्याला कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग शिकवतात आणि पुढे इंग्रजीच्या तासाला ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी, असे सांगून मोकळे होतात. आता ‘विद्यार्थ्याने अर्ज लिहिला’, ‘विद्यार्थ्याने चिठ्ठी लिहिली’ आणि ‘विद्यार्थ्याने पत्र लिहिले’ ही तीन वाक्ये पाहावीत. क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून मराठी व्याकरणाप्रमाणे हा निःसंशय कर्मणी प्रयोग आहे. परंतु इंग्रजीत या तिन्ही वाक्यांना ‘द स्टुडंट रोट’ अशीच सुरुवात होते आणि तिन्ही ॲक्टिव्ह आहेत. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे ‘विद्यार्थी अर्ज लिहितो’ हा कर्तरी आणि ‘विद्यार्थ्याने अर्ज लिहिला’ हा कर्मणी, म्हणजे आपल्याकडे नुसता काळ बदलला तरी प्रयोग बदलतो. इंग्रजीत काळाचा आणि व्हॉइसचा असा काही संबंध नाही. कोकणीतही तेच आहे : ‘हांवें आंबो खालो’ (मी आंबा खाल्ला) म्हणताना क्रियापद आंब्याच्या मागे जाते. त्यामुळे ज्याच्या कानात दोन्ही भाषा आहेत त्याला ‘ने’ आणि ‘हांवें’ यांमध्ये आपोआप ‘बाय’ ऐकू येतो, आणि ‘वाक्याचा व्हॉइस ओळखा’ या प्रश्नात साधा भूतकाळ दिसला की हात पॅसिव्हकडे वळतो.

सरांनी यावर सांगितलेली गोष्ट मला सर्वांत उपयोगी पडली. मराठी व्याकरणकारांनी ‘रावण रामाकडून मारला गेला’ या धाटणीच्या वाक्यांसाठी ‘नवीन कर्मणी’ असे वेगळे नाव ठेवले आहे, कारण ही रचना इंग्रजीच्या वळणावर गेलेली आहे. इंग्रजी पॅसिव्हला जवळचे आपल्याकडे काही असेल तर ते हे, ‘ने’ लावलेले भूतकाळी वाक्य नव्हे. त्यांनी मला आणखी एक काम दिले. इंग्रजी आणि मराठी दैनिके शेजारी ठेवून दोन्हींतल्या सरकारी सूचना वाचायच्या.

आपल्याकडे वीज खात्याची, पाणीपुरवठ्याची, निविदांची सूचना इंग्रजी, मराठी आणि कोकणी अशा तिन्ही भाषांतल्या वर्तमानपत्रांत येत असते, त्यामुळे हा अभ्यास घरबसल्या होतो. इंग्रजीत ‘द पॉवर सप्लाय विल बी शट डाउन’ असते तेथे मराठीत ‘वीजपुरवठा बंद ठेवण्यात येईल’ असते. ‘ॲप्लिकेशन्स आर इन्व्हायटेड’ असते तेथे ‘अर्ज मागविण्यात येत आहेत’, आणि ‘द लास्ट डेट हॅज बीन एक्स्टेंडेड’ असते तेथे ‘अंतिम तारीख वाढविण्यात आली आहे’. अशा जोड्या मी वहीत उतरवत गेले आणि वही भरू लागली तसे एक गोष्ट लक्षात आली की ‘-ण्यात येणे’ आणि ‘-ले जाणे’ या दोन मराठी रचना पॅसिव्हच्या कामासाठी आपण रोज वाचतो, फक्त त्यांना कोणी प्रयोगाच्या धड्यात ठळकपणे मांडत नाही. तेव्हापासून इंग्रजी वाक्य पॅसिव्ह आहे की नाही हे ठरवताना मी मनातल्या मनात त्याला ‘-ण्यात आले’ लावून पाहते. ‘द पोलीस कॉट द थीफ’ याला ते लावताच वाक्याची सुरुवात चोरापासून करावी लागते, म्हणजे मूळ वाक्य ॲक्टिव्ह आहे.

यानंतर काळांचे कोष्टक. ते पाठ करण्यात मी बराच वेळ घालवला होता, आणि सरांच्या मते त्याची गरज नव्हती. पॅसिव्हमध्ये मुख्य क्रियापद तिसऱ्या रूपात गोठून बसते आणि काळाचे सगळे ओझे ‘बी’ हा हमाल उचलतो. ‘दे रिपेअर द रोड’ या वाक्यातले क्रियापद ज्या काळात आहे त्याच काळात ‘बी’ चालवला की काम झाले : साध्या वर्तमानाला ‘इज रिपेअर्ड’, साध्या भूताला ‘वॉज रिपेअर्ड’, चालू वर्तमानाला ‘इज बीइंग रिपेअर्ड’, पूर्ण वर्तमानाला ‘हॅज बीन रिपेअर्ड’, भविष्याला ‘विल बी रिपेअर्ड’. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांच्यामागे नुसता ‘बी’, आणि ‘शुड हॅव’ असेल तर ‘शुड हॅव बीन’. ‘बीइंग’ आणि ‘बीन’ यांची अदलाबदल ही पर्याय तयार करणाऱ्यांची आवडती जागा आहे. रस्ता दुरुस्त होत आहे की होऊन गेला आहे, हा प्रश्न स्वतःला विचारला की निवड चुकत नाही.

‘इज बीइंग’ ही रचना कानाला खटकते असे मी एकदा म्हणाले तेव्हा सर हसले. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजच ‘द हाउस इज बिल्डिंग’ असे म्हणून घर बांधले जात आहे हे सांगत असत; ‘इज बीइंग बिल्ट’ त्यानंतर रुळले, आणि एकोणिसाव्या शतकात त्यावर बेढब म्हणून टीकाही झाली. अपूर्ण भविष्य आणि तिन्ही काळांतले पूर्ण-चालू प्रकार यांचे पॅसिव्ह आजही व्यवहारात कोणी वापरत नाही, कारण तेथे ‘बी बीइंग’ आणि ‘बीन बीइंग’ असे काहीतरी म्हणावे लागते. परीक्षेत असा पर्याय दिसला की तो बिनदिक्कत खोडावा.

सुट्या वाक्यप्रकारांविषयी फार लिहीत नाही. ‘ही गेव्ह मी अ बुक’ मध्ये दोन कर्मे आहेत आणि दोन्ही पुढे येऊ शकतात. ‘आय वॉज गिव्हन अ बुक’ हे अधिक सहज वाटते. ‘लुक आफ्टर’सारख्या जोडक्रियापदातला ‘आफ्टर’ टाकता येत नाही, म्हणून ‘द चाइल्ड वॉज लुक्ड आफ्टर बाय हर आंट’. ‘दे मेड हिम वेट’ याचे ‘ही वॉज मेड टू वेट’ होते आणि हा ‘टू’ कोठून आला असे विचारत बसू नये. ‘नो’ (जाणणे) या क्रियापदाला बहुधा ‘बाय’ऐवजी ‘टू’ लागतो. ‘हू’ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला ‘बाय हूम’ लागते. ‘प्लीज’ असलेल्या आज्ञेचे ‘यू आर रिक्वेस्टेड टू’ होते.

‘बाय’ ठेवायचा की गाळायचा, या मुद्द्यावर मात्र माझे गाइडवाल्यांशी जमत नाही. ‘समवन हॅज स्टोलन माय पर्स’ याचे उत्तर ‘माय पर्स हॅज बीन स्टोलन बाय समवन’ असे छापलेले मी पाहिले आहे. ‘समवन’, ‘पीपल’, ‘दे’ हे कर्ते नावालाच असतात आणि पॅसिव्हमध्ये ते गळून पडले तरच वाक्य इंग्रजी वाटते. उलट कर्ता गाळल्याने माहितीच नाहीशी होते अशीही वाक्ये आहेत. आमच्या तालुक्यात खाण बंद पडल्याची चर्चा आजही निघते. ‘मायनिंग वॉज स्टॉप्ड इन २०१२’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, या दोन वेगळ्या गोष्टी त्यात एक होऊन जातात. खाणीचा माल वाहणारा ट्रक विकावा लागलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगण्याची गरज पडत नाही. मी सरावासाठी अशाच बातम्या घेऊ लागले : वाक्य पॅसिव्ह असेल तर कर्ता शोधून ॲक्टिव्ह करायचे, आणि बातमीत कर्ता कोठेच सापडला नाही तर तशी नोंद वहीच्या समासात करायची. काही बातम्यांच्या समासात नुसती प्रश्नचिन्हे आहेत.

प्रत्यक्ष परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा होता. मी आधी मूळ वाक्याचा काळ ठरवून ‘बी’चे रूप पाहत होते, कारण त्यावरच दोन पर्याय बाद होत, मग तिसरे रूप बरोबर आहे का आणि पुढे आलेल्या कर्माच्या एकवचन-अनेकवचनाशी ‘बी’ जुळतो का हे पाहत होते, शेवटी शब्दयोगी ‘बाय’, ‘टू’ की ‘विथ’. वाक्याचे पूर्ण रूपांतर कागदावर करण्याइतका वेळ तेथे नसतो आणि गरजही नसते.

नोकरी लागल्यावर पॅसिव्ह संपला नाही, तर तेव्हाच खरा सुरू झाला. इंग्रजी सरकारी पत्राची सुरुवातच ‘आय ॲम डायरेक्टेड टू’ अशी असते, टिपणाच्या शेवटी ‘मे काइंडली बी ॲप्रूव्ह्ड’ असते, आणि मसुद्यात ‘वी हॅव डिसायडेड’ लिहून नेले की हेड क्लार्क ते खोडून ‘इट हॅज बीन डिसायडेड’ करतात. खात्याच्या वतीने जाणाऱ्या पत्रात एखाद्या व्यक्तीचा ‘आम्ही’ नसावा हे मला पटते. मात्र निर्णय कोणी घेतला हे फाइलमधल्या टिपणाच्या पानावर नाव, हुद्दा, तारीख आणि सहीसकट असावे लागते. ते पान नसेल तर हेड क्लार्क मसुद्याला हातही लावत नाहीत.